बांबू फुलला त्या साली

डोंगरावरचा सगळा बांबू एकाच साली फुलला आणि थोरलीच्या घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. बांबू फुलला की मरतो, हे वस्तीत सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पाहिलेलं कुणीच नव्हतं. बघता बघता बेटंच्या बेटं वाळली. बांबू चिरून विणायची कामटी काढायला जावं तर हातात भुगा यायचा.

थोरली म्हणजे चार बहिणींतली मोठी. पण अख्खी वस्तीच तिला थोरली म्हणायची. तिच्या जमातीला टोपल्यांखेरीज दुसरं काम ठाऊक नव्हतं. नवरा कामट्या काढायचा, ती विणायची. आता कापायला काही नसतानाही नवरा दिवसभर उंबऱ्यात बसून कोयत्याला धार लावायचा. तो खर्रखर्र आवाज ऐकून तिचं डोकं उठायचं.

"मी खाली दलदलीकडे जाते," ती एका सकाळी म्हणाली. "गवताचं काम शिकते."

"गवत गुरांना घालतात," तो म्हणाला आणि धार लावत राहिला.

दलदलीकाठी दुसरी जमात राहायची, लव्हाळ्याच्या चटया विणणारी. त्यांची भाषा वेगळी. बाजारापुरती मोडकीतोडकी बोली तेवढी दोघांत सामाईक. त्यांच्यातली एक चटईवाली बाजारात वर्षानुवर्षं थोरलीच्या शेजारी बसायची. इतक्या वर्षांत दोघींचं बोलणं एकाच गोष्टीवरून झालेलं: तुझा पसारा तिकडे सरकव. आता त्याच बाईच्या दारात उभं राहताना थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चटईवालीने तिला नखशिखांत न्याहाळलं. "जागेवरून भांडायला एवढ्या लांब आलीस?"

"शिकायला आलेय."

चटईवालीने तिला आत नेलं. खोलीत छतापर्यंत चटयांच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या. "बघ. प्लॅस्टिकच्या चटया आल्यापासून माझ्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. यावरच झोपतो, हेच पांघरतो, आता शिजवून खायचं तेवढं बाकी आहे. आणि तू म्हणतेस, शिकव!"

"टोपली अजून लागते लोकांना. बूड कसं धरायचं ते मी दाखवते, तू गवत दाखव."

"आपली विद्या बाहेर द्यायची नाही!" कोपऱ्यातून चटईवालीचा म्हातारा सासरा कडाडला.

"मग घरात ठेवून चाटायची का, मामंजी?"

म्हातारा पाठ फिरवून बसला तो बसलाच.

थोरलीची बोटं बांबूवर घट्टे पडून राठ झालेली. लव्हाळा तिच्या हातात तटातट तुटायचा. "अगं, गळा काय दाबतेस त्याचा! ओला कर, मग हळू ओढ," चटईवाली ओरडायची. तिची स्वतःची तऱ्हा काही वेगळी नव्हती. जन्मभर सपाट विणलेलं. तिने धरलेलं बूड बशीसारखं पसरायचं. एकदा दोघींच्या टोपल्या एकदमच फतकल मारून बसल्या. दोघी पोट धरधरून हसल्या आणि हसता हसता थोरली हुंदके द्यायला लागली.

"घरी जाऊन काय सांगू गं मी?"

 चटईवाली मोडलेली टोपली उसवायला लागली. तेव्हा थोरलीचं लक्ष भिंतीला टेकलेल्या चटईच्या काठाकडे गेलं. काठाला लव्हाळ्याची घट्ट वेणी होती, वाळून ताठ झालेली. तशाच वेण्या दोघींनी मिळून घातल्या, कामट्यांसारख्या आडव्याउभ्या लावून बूड धरलं. टोपली उभी राहिली.

ती टोपली थोरलीने डोक्यावरून डोंगरावर नेली. नवऱ्याने ती उलटीपालटी केली, बुडावर मूठ दाबली. बूड हललं नाही.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण ही आपली नाही."

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावरची गाडी मजूर न्यायला आली. तो गाडीत चढला. थोरली मागे धावली. "बी पडलंय, बांबू पुन्हा येईल की! तोवर थांबा!"

"तोवर माझे हातच विसरतील सगळं," तो म्हणाला. गाडी निघाली.

त्याचा निरोप पुढे कधी आला नाही. वस्तीतल्या घरांना एकेक करून कुलपं लागली. थोरलीने उरलेल्या जावा-भावजयांना गवतावर बसवलं. चौघी शिकल्या, दोघी कंटाळून शहरात गेल्या. चटईवाली मात्र लव्हाळ्याच्या भाऱ्याखाली वाकून डोंगर चढून येते आणि आठवडाभर थोरलीकडेच राहते. टोपल्या खपतात, पण त्यात दोन घरांचं भागत नाही. कधी वरची चूल पेटते, कधी खालची. जिची पेटते तिच्याकडे दुसरी न विचारता जेवायला बसते.