उंबऱ्याचे तीन इंच

मणक्याच्या ऑपरेशननंतर आईचे पाय गेले, पण हात आणि जीभ दोन्ही शाबूत राहिली. जुन्या हुबळीतलं आमचं घर बोळात आहे, दार दोन पायऱ्या वर. पहिल्यांदा तिला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीसकट उचललं. ती डोळे गच्च मिटून बसली. परत आल्यावर म्हणाली, "आता मला उचलायचं नाही. तांदळाचं पोतं आहे का मी?" आणि खरंच तिने बाहेर पडणं सोडलं. कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाजी मी आणायला लागले. मी आणलेली भेंडी जून निघते, हे मला रोज ऐकावं लागायचं.

मी हट्टी आहे, आणि तो हट्ट कुणाकडून आला हे सांगायला नको. ठरवलं, दारापासून उतार करायचा. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत ती खाली गेली पाहिजे आणि तशीच वर आली पाहिजे.

तिला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, एक इंच उंचीला बारा इंच लांबी धरा, त्याहून जास्त चढ नको. मी शाळेत मराठी शिकवते. गणिताशी माझं कधी जमलं नाही. तरी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापला, उभी बाजू एक इंच, आडवी बारा. बघता बघता लक्षात आलं, आपल्याला हाच त्रिकोण मोठा करायचाय. दारापुढचा आमचा कट्टा चौदा इंच उंच. उभी बाजू चौदा पट झाली, तर आडवीही चौदा पट, म्हणजे चौदा फूट. मग एका फुटाला एक सेंटिमीटर धरून घराचा पुढचा भाग कागदावर काढला. सरळ बोळात उतरायला जागा नव्हती, पण भिंतीला लागून, दारापासून पाण्याच्या हौदापर्यंत, सव्वाचौदा फूट भरत होते. बसलं! मला कोण आनंद झाला.

कमरीपेठेतल्या वेल्डिंगवाल्या अण्णांना बोलावलं. कागदाकडे न बघताच ते म्हणाले, "आठ फूट साकु री अक्का, तेवढे पुरे. ढकलायला तुम्ही आहात की."

माझं डोकंच फिरलं. "ढकलायला कुणी लागू नये म्हणून तर करायलेय हे सगळं! चौदा म्हणजे चौदा."

आई दाराआड बसून ऐकत होती. "आणि उंबरा?" तिने विचारलं.

उंबरा मी धरलाच नव्हता. कट्ट्याच्या वर तो आणखी तीन इंच. जन्मभर ओलांडत आले, त्यामुळे तोही उंचीत मोजायचा असतो हे सुचलंच नाही. अण्णा म्हणाले, कापून टाकू. रोज खुर्चीतून वाकून त्याला हळदकुंकू वाहणाऱ्या आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्याने टेप गुंडाळायला लागले.

"चाकं जातील त्याच्यावरून, ते चालतंय होय?" मी चिडून विचारलं.

"चाकाला पाय म्हणत नाहीत. कापायचा नाही."

म्हणजे कट्टाच उंबऱ्याइतका उचलायचा आणि तिथून उतार सोडायचा. पण तीन इंच वाढले की लांबी तीन फूट वाढते. चौदाचे सतरा झाले. घराच्या आत, उंबऱ्यावरून खाली यायला, उतरत्या फळीला जागा होती. बाहेर मात्र सव्वाचौदा फुटांवर हौद, बरोबर तीन फूट रुंद. तो माझ्या वडिलांनी, अप्पांनी, स्वतःच्या हातांनी बांधलेला. अप्पा आता नाहीत, आणि नळाला पाणी कधी येईल याचा हुबळीत कुणालाच भरवसा नसतो. असा हौद कोण फोडतं? मी पुन्हा पुन्हा त्रिकोण काढला. सतराचे सोळासुद्धा होईनात. वर्गातल्या पोरांवर ओरडता येतं, गणितावर ओरडून काही होत नाही.

शेवटी आईपुढे कागद ठेवला. "उंबरा नाहीतर हौद. तूच सांग."

मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "हौद फोड."

"अप्पांनी बांधलाय तो."

"मला ठाऊक नाही होय? मला घागर घेऊन बोळात उभं राहायला लागू नये म्हणून बांधला त्यांनी. आता मला बोळातच जायचंय. ते असते तर त्यांनीच घण घेतला असता."

रडले ती मीच.

गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या चढवल्या, हौद फोडला, अण्णांनी सतरा फुटांचा लोखंडी उतार जोडून दिला. आई उतरायला लागली तेव्हा माझे हात आपोआप खुर्चीकडे गेले. "हात मागे," ती न वळताच म्हणाली. खाली पोचल्यावर थांबली. भिंतीवर हौदाच्या ओलीचा डाग अजून होता. त्यावरून तिने एकदा हात फिरवला आणि बोळात वळली.

मी दारातच उभी राहिले. भाजीवाली लांबूनच ओरडली, "अम्मा! कोण घेऊन आलं री तुम्हाला?"

"कोण कशाला आणेल? माझी मी आले," आई म्हणाली, आणि भेंडीचं टोक मोडून बघायला लागली.