वरून एक मूठ

...तर पुडी हातात देताना शेतकी कचेरीतल्या सेवगीबाईंनी हिदिरकाकांना तीनदा बजावलं होतं, "काका, पंधरा लिटरच्या पंपाला एकच चमचा. तोही सपाट!" पुडीत बोरॉन आणि जस्त. इस्पार्ताकडची आमची जमीन चुनखडीची. गुलाबाची झुडपं दिसायला धडधाकट, पण फुलात तेल धरत नव्हतं. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की हे फवारायचं, म्हणजे तेल वाढतं, असं बाईंचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. शेजारच्या रमजाननं सपाट चमचाच टाकला, आणि त्याची झुडपं अशी रसरसली की वाटसरू थांबून बघत.

काकांना यंदा तेल हवंच होतं. नात एलवानचं जूनमध्ये लग्न. त्यांच्याकडे नवरी माहेरच्या झुडपांचं तेल करंगळीएवढ्या कुपीत घेऊन सासरी जाते. काकांची आई तशीच आली होती, काकूही.

आता आमच्याकडे गहू मापा, फुलं मापा, की मीठ उसनं द्या, माप भरल्यावर वरून बरकतीची एक मूठ पडतेच. आणि काकांची मूठ तर गावात नावाजलेली! त्यांनी चमचा टाकला आणि हात आपोआप पुडीत गेला. दर पंपाला.

नझीफेकाकू कुंपणावरून नवऱ्यावर ओरडल्या, "अहो, तिनं चमचा सांगितलाय!"

"तू तुझ्या सारातलं मीठ सांभाळ. काल विहिरीवर पाणी प्यायला पळालो होतो मी."

दहाव्या दिवशी पानांच्या कडा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या करपल्या. मग कळ्या गळायला लागल्या. काकांनी पानं धुतली, मुळांशी पाट सोडला. कशाचा काही उपयोग होईना. पोटात गेलेलं झाड परत देतंय थोडंच? सकाळी बांधावर बसायचे आणि गळणाऱ्या कळ्या नुसत्या बघत राहायचे.

मे महिन्यात तोडणी लागली. रमजानला टोपल्या पुरेनात. तो म्हणाला, "काका, माझी फुलं न्या की. तेलावर काय नाव लिहिलेलं असतं?"

"नवरीला ठाऊक असतं ना रे."

काकांची दोनच टोपल्या फुलं निघाली. तांब्याच्या भट्टीत चढवली. गुलाबपाण्यावर तवंग आला तो इतका पातळ, की काकूंनी बारीक चमच्यानं गोळा केला तरी कुपीचा तळ झाकेना. एलवाननं कुपी उजेडात धरली.

"आजोबा, वास आहे की!" ती हसून म्हणाली. काका उठून बाहेर गेले.

बाहेर सेवगीबाई आल्याच होत्या. त्यांनी एक पान बोटांत चुरगळून पाहिलं.

"काका, चमचा म्हटलं होतं ना मी? वर मूठ कशाला टाकलीत?"

काका आपला तळहात उलटासुलटा करून बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, पन्नास वर्षांत या हातानं कुणाला नुसतं मापाइतकं दिलेलं नाही. नातीच्या गुलाबांनाच हात आखडून कसं देऊ?"