मामांनी मयताला केलेला आहेर

सिल्लोडहून फोन आला तेव्हा मी तालमीला निघालो होतो. "आबा गेले," मामेभाऊ प्रकाश म्हणाला. आबा म्हणजे माझे मामा. त्याला आता महिना होऊन गेला. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गंभीर लिहावं असा रिवाज आहे, पण मामा आठवले की मला आधी हसू येतं, त्याला मी काय करू...

माझे वडील लवकर गेले. आई मला घेऊन माहेरी आली आणि मामांनी मला वाढवलं. सिल्लोडला त्यांचं मक्याचं आडत दुकान. मी तिथं गादीवर बसावं ही त्यांची इच्छा. मी शहरात नोकरी धरली आणि वर नाटकाला लागलो. मामा त्याला 'नाद' म्हणत, जसा एखाद्याचा भाचा पत्त्यांच्या नादी लागावा. एकदा येऊन बघा म्हणून किती वर्षं मागं लागलो. "मक्याचा सीजन हाय," हे उत्तर त्यांना बाराही महिने पुरायचं. पोरगं बरं काम करतं, असं या माणसानं एकदा म्हणावं, एवढीच माझी आस होती. बाकी कुणी काय म्हणतं याची मला फारशी पडलेली नव्हती.

मग शहरातल्या मोठ्या कलासंकुलात आमचा प्रयोग ठरला. काचेचे दरवाजे, थंडगार हवा, चित्रांचं वेगळं दालन, लाल मखमलीच्या खुर्च्या... फोनवर मी इतकं वर्णन केलं की मामा म्हणाले, "येतो." आता पंचाईत अशी, की त्या नाटकात माझं काम प्रेताचं होतं. पडदा उघडतो तेव्हा मी आडवा, पडतो तेव्हाही आडवा. मधल्या वेळात माझी मुलं माझ्याभोवती वाटणीवरून भांडतात. मला वाक्य एकही नाही. दिग्दर्शक समीर म्हणायचा, "अरे, खरा नायक तूच आहेस." नायकाला हे रोज सांगावं लागत नाही, एवढं मलाही कळत होतं. मामांना मी 'मुख्य भूमिका आहे' इतकंच सांगितलं.

मामा जीप भरून माणसं घेऊन आले. दारातला प्रसंग मला मागाहून प्रकाशनं सांगितला. रखवालदारानं मामांची पिशवी तपासली आणि म्हणाला, "चाचा, नारियल अंदर नक्को." मामा म्हणाले, "बेटा, खाने का नई, मान का है." त्या बिचाऱ्यानं पिशवी परत दिली. नारळ आत गेला. आमच्याकडं गावात नाटक रंगात आलं की ते थांबवून नटाला टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. खेळ जितका वेळ थांबेल तितका नटाचा मान मोठा. आहेर न झालेल्या नटाकडं लोक जरा कीव केल्यासारखं बघतात. आता खेळ मखमलीच्या खुर्च्यांपुढं आहे म्हणून मामा रीत थोडीच सोडणार.

अर्धं नाटक झालं असेल. सभागृह चिडीचूप होतं. माझे डोळे मिटलेले. तेवढ्यात वहाणांची करकर ऐकू आली, आणि ती रंगमंचाच्या पायऱ्या चढत होती. ती करकर मी लहानपणापासून ओळखतो.

"जरा थांबा," मामा माझ्या भांडणाऱ्या मुलांना म्हणाले, "भाच्याला आहेर करायचाय."

मुलं थांबली. विंगेतून समीर दातओठ खात कुजबुजला, "हलू नकोस, मेलायस तू." इकडं कानाशी मामा, "ऊठ." मी निपचित. "ऊठ की रे. आडव्याला कापड घालत नस्त्यात."

काय करणार, उठून बसलो. मामांनी डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मी त्यांच्या पाया पडलो आणि टोपीसकट पुन्हा रीतसर मेलो. तशा टाळ्या आमच्या संस्थेला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या. प्रयोगानंतर एक चष्मेवाले गृहस्थ समीरला म्हणाले, "मृताचा सत्कार ही कल्पना फार धाडसी." समीरनं नम्रपणे हात जोडले. माझ्याशी मात्र तो महिनाभर बोलला नाही.

तोंडावरचा पांढरा रंग पुसत मी जीपपाशी गेलो. चिडलो होतोच. "मामा, पडदा पडेस्तोवर तरी थांबायचं होतं. एवढं वाईट काम करत होतो का मी?"

"वाईट कामून? लई चांगलं केलंस," मामा म्हणाले. मग बराच वेळ जीपच्या दाराची कडी नुसतीच चाळवत राहिले. "म्हणून तर बसवंना मला. आहेर काय, शेवटालाबी करता आला असता. पर तुला उठल्यालं बघितल्याबिगर दम निघंना, बाबा."

इतकं बोलून ते जीपमध्ये बसले आणि ड्रायव्हरवर उगाचच खेकसले.

फोन आल्यावर मी सिल्लोडला पोचलो तेव्हा मामांना अंगणात ठेवलं होतं. नातेवाईक मयतावर घालायला आपापलं कापड घेऊन आले होते. मामी म्हणाल्या, "भाच्याचं आधी घाला." मी कापड उलगडलं आणि तसाच उभा राहिलो. लोक थांबले होते. मागून कुणीतरी म्हणालं, घाला की. मी वाकलो आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हणालो, "मामा, उठा."

मग थोडा वेळ वाट बघितली.