डोळ्यावर पट्टी आणि तीन मुजरे

चहा घ्या, पण हसायचं असेल तर आधी बशी खाली ठेवा. मागच्या खेपेला हाच प्रसंग ऐकताना आमच्या व्याह्यांनी सगळा चहा माझ्या धोतरावर सांडला होता. माणूस जन्मात एकदा तरी माती खातोच. मी खाल्ली ती तीन-तीनदा कमरेत वाकून!

पेन्शनीत निघालो तेव्हा दरबारच्या दप्तरानं मला दोन गोष्टी दिल्या. एक वाकलेली कंबर आणि दुसरा मोतीबिंदू. मधुमेह मात्र माझी स्वतःची कमाई. न्हाणीच्या दगडावर मुंग्यांची रांग लागली तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "अहो, मुंग्यांना कळलं, तुम्हाला कधी कळणार?"

डावा डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेलेला. मोतीबिंदू उजव्यात. म्हणजे उरलेलं सगळं जग त्या एका डोळ्यावर! तेव्हा मुकाट्यानं गावाबाहेरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन पडलो. हा दवाखाना एका सरदार घराण्यातल्या विधवा बाईंनी बांधून दिलेला. त्यांना सगळे आईसाहेब म्हणत. अंगणाला लागून लांब पडवी, पडवीत आम्हा रोग्यांच्या खाटा.

शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी चढली. डावा कधीच मेलेला, पण नियम म्हणून त्यालाही पट्टी. नियम म्हटल्यावर मी काय बोलणार?

डॉक्टर म्हणाले, "अण्णा, बुबुळावर एक पारदर्शक काच असते. तिच्या कडेला चिरा देऊन मी मोतीबिंदू बाहेर काढलाय. टाका घातलेला नाही. ती काच आपली आपण सांधते. पण मधुमेह्याची काच फार आळशी असते. शेजाऱ्यांची सांधेल, तुमची रेंगाळेल. तोवर खोकायचं नाही, गोड खायचं नाही आणि वाकायचं तर मुळीच नाही. वाकलात की चिरा उघडलाच म्हणून समजा. हा डोळा गेला तर तिसरा माझ्याकडे नाही."

आळशी काच! सगळी हयात सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाची काच आणखी कशी असणार?

डॉक्टर गेल्यावर कंपाउंडर हळूच म्हणाला, "अण्णा, गप पडून ऱ्हावा. अन् ह्या हप्त्यात कवातरी आईसाहेब येणार हायत, रोग्यांची इचारपूस कराय."

झालं! माझा धाकटा जावई तेव्हा रिकामा होता. रिकामा म्हणजे किती? दिवसभर आमच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट सांगायचा, आणि तीही चुकीची. आईसाहेबांचा एक शब्द पडला असता तर दरबारात कुठंतरी चिकटला असता.

संध्याकाळ झाली. कंपाउंडर रोजच्यासारखा तालमीत गेला. इतक्यात अंगणातून चांदीच्या तोड्यांचा आवाज आला. जड, सावकाश पावलं. पाठोपाठ एक पुरुषी आवाज, "सरा, बाजूला सरा! या बाईसाहेब. हिकडं या. आता जरा निवांत उभं ऱ्हावा."

माझी कंबर ताडकन उठली. होय, आधी कंबर उठली, मी मागून.

शेजारच्या खाटेवरचे बाबालाल नालबंद कुजबुजले, "कोण आलं वो?"

"आईसाहेब! उठा, मुजरा करा!"

"या अल्ला! थांबा, मला चाल ऐकू द्या." उभा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेलेला माणूस. त्यांनी कान दिला आणि निर्वाळा दिला, "खानदानी चाल हाय. पायाला वजन हाय."

पलीकडे पन्हाळ्याकडचे गणूआबा होते. ते कण्हत म्हणाले, "कंबार धरलीया माझी. पर आईसाहेब म्हंजे उठायला पायजेच की!"

तिघे पट्टी बांधलेले म्हातारे खाटांपुढे उभे राहिले आणि जमिनीला हात लावून तीन-तीन मुजरे केले. समोरून शब्द नाही. नुसतं एक फुर्र! मोठी माणसं उगाच बोलत नाहीत, हे मला नोकरीत असल्यापासून ठाऊक होतं. थोड्या वेळानं चर्र-चर्र असा आवाज येत राहिला. जरीचं लुगडं सळसळत असणार! वास? फरशी पुसायच्या कार्बोलिकनं आमची नाकं आधीच मेली होती हो!

दुसऱ्या दिवशी मेहुणे भेटायला आले आणि मधुमेह्याला पेढे देऊन गेले. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना आजार कुठला ते कोण विचारतो? पण मला ते पेढे देवानंच धाडले असं वाटलं. आईसाहेबांसमोर रिकाम्या हातानं उभं राहायचं?

संध्याकाळी तोडे वाजले. मी मुजरे केले, हातरुमालावर पेढे ठेवून नजराणा पुढं धरला आणि जावयाची अर्जी सुरू केली. वंश, शिक्षण, स्वभाव, सगळं सांगितलं. स्वभावाबद्दल थोडं खोटंही बोललो. एवढ्या शांतपणे माझं म्हणणं उभ्या दरबारात कुणी ऐकून घेतलं नव्हतं! मग हातावर ऊन श्वास लागला, आणि पेढे अलगद उचलले गेले.

रुमालही गेला. म्हटलं, मोठ्या घरची रीत असेल.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि ओरडले, "चिरा उघडाच! बाकीच्यांच्या काचा सांधायला लागल्या, तुमची धुरकट झालीय. खरं सांगा, काय खाल्लंत?" तेवढ्यात त्यांना खाटेखाली पेढ्यांची रिकामी पुडी दिसली. "हे कुणी खाल्लं?"

आता तुम्हीच सांगा, दरबारी माणूस नजराण्याची गोष्ट चारचौघांत बोलेल?

मंडळी रडू लागली. "या वयात चोरून पेढे! मुंग्या बऱ्या, उघड्यावर तरी खातात."

डॉक्टरांनी हुकूम सोडला, "आजपासून अन्न बंद. नुसतं दूध. तेही रोग्यांसमोर काढलेलं, पाणी घातलेलं नको. सकाळीही आणायला सांगा."

आणि काय आश्चर्य! त्या दिवसापासून आईसाहेब दोन्ही वेळा येऊ लागल्या. माझ्या अर्जीचा गुण! मी सकाळी कंपाउंडर यायच्या आत तीन मुजरे करायचो, संध्याकाळी तीन. लघवीतली साखर उतरली, पण चिरा काही मिटेना. डॉक्टर बुचकळ्यात पडले. "साखर कमी, पथ्य कडक, तरी काच सांधत नाही! हा रोग माझ्या पुस्तकात नाही."

एका संध्याकाळी ते अवचित पडवीत आले. आम्ही तिघे ओळीनं वाकलेलो.

"अण्णा! अहो, कुणापुढं वाकताय?"

"हळू बोला," मी वाकूनच म्हणालो. "आईसाहेब उभ्या आहेत."

डॉक्टर जवळ आले, खांदे धरून मला सरळ केलं आणि उजव्या डोळ्यावरची पट्टी बोटभर उचलली.

तपासणीच्या वेळी नुसता उजेड दिसायचा. नव्या डोळ्यानं मी जगात पहिली गोष्ट पाहिली ती एक ओलं, काळं, भलं मोठं नाक. धूसर होतं, पण नाकच होतं. वर दोन शिंगं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत चांदीचे तोडे, आणि खाली बसून धार काढणारा मल्लू गवळी.

"अरे मल्लू," मी ओरडलो, "बोलला का नाहीस?"

"काय बोलू अण्णा? गाईला समदी हात जोडत्यात. म्हशीला आजवर कुनी इचारलं न्हाय. तुमी मुजरं कराय लागला, तवा माझं डोळं भरून आलं. म्हनून तर उद्यापास्नं कवड्यांची माळ घातली तिला!"

"उद्यापासून नव्हे, दुसऱ्या दिवसापासून," मी त्याही अवस्थेत दुरुस्ती केली. कारकून तो कारकूनच.

बाबालाल खाटेवरून म्हणाले, "पर अण्णा, चाल खानदानी हाय ह्यात खोटं न्हाय."

डॉक्टरांनी पुन्हा पट्टी बांधली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि बजावलं, "आता साक्षात देव आला तरी उठायचं नाही. ही शेवटची संधी."

मी दगडासारखा पडून राहिलो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जड पावलं वाजली. काहीतरी माझ्या उशाशी येऊन थांबलं. पण या वेळी मी फसणार होतो थोडाच? पडल्या पडल्याच हात झटकला.

"हट! पेढे संपले. आणि शेपूट आवर, डोळ्याला लागेल."

कुणीतरी दचकून श्वास घेतला. मग एक वयस्क, दरडावणारा, अस्सल खानदानी आवाज आला, "डॉक्टर, ह्यांच्या फक्त डोळ्याचंच औषध चालू आहे ना?"

काच मात्र सांधली! न वाकल्यामुळं सांधली, असं डॉक्टर अजून सगळ्यांना सांगतात. जावयाची दरबारातली वाट कायमची बंद झाली, हेही खरं. पण अर्जी वाया गेली नाही. ज्यांच्यापुढं केली होती, त्यांच्याकडंच ती मंजूर झाली. मल्लू गवळ्यानं जावयाला दूध घालायला ठेवून घेतलं.

आता रोज सकाळी तोडे वाजतात. मी त्याच सांधलेल्या डोळ्यानं बघतो. दारात म्हैस, तिच्यामागं चरवी घेऊन जावई. सगळं लख्ख दिसतं, काही शंका नाही.

तरी कंबर वाकतेच हो!