पश्चिमेची भिंत

खालापूरच्या आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड थेट येते, म्हणून तिला बाहेरून पत्रे लावलेत. दर वैशाखात ते तपासायला ठाकुरवाडीकडचा एक कारागीर येतो. पत्र्यावर बोटाने टकटक करत, कान लावून तो भिंतभर फिरतो आणि "हितं बरं हाय" असं त्या भिंतीलाच सांगतो.

गेल्या पावसात आत ओल आली. मी त्याला बोलावून शेजारच्या काकूंदेखत नको ते बोललो. तो शिडीवर चढला. वरच्या पत्र्याला भोक होतं. डिशची वायर आत घ्यायला ते मीच पाडलं होतं. त्याने भोकावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"काय निघालं?" काकूंनी विचारलं.

"माजाच स्क्रू ढिला ऱ्हायला व्हता," असं म्हणून तो भोक बुजवू लागला.

मी खाली त्याची शिडी धरून उभा राहिलो.

यंदा काकूंनी त्यांच्या भिंतीचं काम दुसऱ्याला दिलं. "त्याचं काम कच्चं. तुमच्याकडेच पाहिलं ना," त्या मला म्हणाल्या.

मी "हो" म्हणालो.