जिन्यातलं कपाट

माणसं एकत्र काम करताना कशी वागतात, हा माझा शिकवायचा विषय. पुस्तकात त्याला संघटनात्मक वर्तन म्हणतात. आज कॉलेजच्या जिन्यात माझ्याच वर्गातली चार मुलं लोखंडी कपाट खाली उतरवत होती, म्हणून मी मधल्या वळणावर थांबले.

कपाट उतरवताना सगळा भार खालच्यांवर येतो. शिवाय त्यांना पाठमोरं उतरावं लागतं, पायरी दिसत नाही. तिथं सायली होती. वर्गात नेतृत्वावर तिच्याइतकं कुणी बोलत नाही, आणि दुसऱ्याचं वाक्य ती कधी पुरं होऊ देत नाही. वरच्या बाजूला ओंकार. त्याचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला.

"सायली, थांब. अजून एक पायरी. आता डावीकडे," तो सांगत होता. ती एक शब्द न बोलता, तो सांगेल तिथं पाय टेकवत होती. यातला नेता कोण, असं परीक्षेत विचारलं असतं तर मलाच उत्तर लिहिता आलं नसतं.

वळणाजवळ आल्यावर ओंकार म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होता का?"

झाले. इतक्या ताठ मानेनं मी आजवर कुणाच्या वाटेतून बाजूला झाले नव्हते.