बाटलीतलं तपकिरी पाणी

पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या कानावर फारसा नव्हता. सत्तरचं दशक होतं ते. एम.एस्सी. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात करत होते, पण प्रबंधाला सरांनी विषय दिला कृष्णेच्या पाण्याचा. वाईच्या घाटावर वाढलेली मी. नदीची भीती कधी वाटली नव्हती.

त्या सकाळी सांगलीजवळच्या एका गावात एस.टी.तून उतरून नदीवर गेले, तर काठाला मेलेल्या माशांचा खच. बघायला अर्धं गाव जमलेलं. मी नेहमीसारखी पाण्याशी बसले, बाटली भरली आणि कुप्यांतल्या औषधांचे थेंब तिच्यात सोडले.

"आवं बाई, काय टाकताय?" मागून कुणीतरी ओरडलं. "हीच ती! मागल्या खेपेलाबी आलती. हिनंच इख कालवलंय!"

बघता बघता घोळका माझ्याभोवती. परगावची एकटी पोर, हातात औषधाच्या कुप्या. माझं कोण ऐकणार? तेवढ्यात लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"तिला बोलू द्या की रं. बोल पोरी."

मी बाटली पुढे धरली. "मामा, पाण्यात प्राणवायू असला तर हे औषध तपकिरी होतं. इथं बघा, पांढरंच राहिलंय. आता मळीचा नाला मिळतो ना, त्याच्या वरच्या अंगाला चला. बाटली तुम्हीच भरा."

सगळे निघाले. साखर कारखान्याचं मळीचं पाणी आणणारा नाला ओलांडून वर गेलो. सुभेदारांनी स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून बाटली भरली. मी थेंब सोडले. सगळ्यांच्या माना पुढे. हळूहळू चहासारखा तपकिरी साका बाटलीत उतरला.

"आयला! म्हंजे मळीनं नदीचा दम कोंडलाय," मघाशी ओरडणाराच म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. माझ्या तोंडून 'व्हय' ऐकून सगळे हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

सुभेदारांनी घरी नेलं. त्यांच्या बायकोनं ताक दिलं. मी ते एका दमात संपवलं.

"लय भ्यालीस न्हवं?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. मग रडायलाच आलं, आणि रडता रडता हसूही.

दुपारी सुभेदार स्वतः मला एस.टी.त बसवून गेले. बाटल्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून जी झोपले, ती कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टरनं हाक मारली तेव्हाच उठले.